सापाच्या आधाराने उभा राहिलेला घोडा

मागच्या दोन पायांवर उभा झालेला घोडा कागदावर सहज काढता येतो. ब्राँझमध्ये तो पुढे कोसळू पाहतो. सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीकाठी झार पीटरचा असा घोडा १७८२पासून उभा आहे, तो बऱ्याच अंशी एका सापामुळे. टापांखालचा साप म्हणजे पीटरचे शत्रू, असं सांगतात. असेलही, पण घोड्याच्या शेपटीला टेकू देणं हे त्याचं खरं काम. शिवाय घोड्याचा पुढचा भाग पातळ ओतला आहे, मागचा जाड.

हे गणित मांडणारा शिल्पकार एत्येन फाल्कोने पॅरिसचा. सेव्हरच्या पोर्सेलीन कारखान्यासाठी छोट्या मूर्तींचे नमुने करणारा. तत्त्वज्ञ दिदरोच्या शिफारशीवरून, पन्नाशीला आलेला असताना, १७६६मध्ये तो रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनकडे आला. दरबारी बेट्स्कॉयला रोममधल्या सम्राट मार्कस ऑरेलियसच्या पुतळ्यासारखा संथ चालणारा घोडा हवा होता. दिदरोला भोवती रूपकात्मक मूर्तींचा गोतावळा. फाल्कोनेने दोघांचंही ऐकलं नाही. ऑरेलियसच्या घोड्यावर तर त्याने छापील टीका केली, तीही रोमला कधीच न जाता!

त्याने एक चढ बांधून घेतला. शाही तबेल्यातले घोडे स्वार त्यावर भरधाव घालत, टोकाला पोचताच लगाम खेचत, आणि फाल्कोने तेवढ्या क्षणात जमेल तेवढं रेखाटून घेई. पीटरचा चेहरा मात्र त्याला साधेना. तो केला मारी-आन कोलोने. त्याची ही शिष्या रशियात आली तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती.

चौथऱ्यासाठी शहराबाहेर लाख्ताच्या दलदलीत प्रचंड ग्रॅनाइट सापडला. वजन सुमारे दीड हजार टन. जमीन गोठेपर्यंत थांबून, खोबणीतल्या धातूच्या गोळ्यांवरून, रहाट फिरवत शेकडो माणसांनी तो समुद्रापर्यंत ओढला. तिथून पुढे तराफ्यावरून शहरात. एवढ्या खटाटोपाने आणलेला दगड फाल्कोनेने तासून लहान केला, म्हणून लोक चिडले. माझ्या मते त्याचंच बरोबर होतं: दगड पाहायला आलेल्याला घोडा दिसला नसता.

खरी परीक्षा ओतकामाची. अनुभवी ओतारी मिळेना, तेव्हा फाल्कोनेने ते स्वतःच अंगावर घेतलं. १७७५मध्ये साचा फुटला, वितळलेला रस बाहेर आला, आग लागली. सगळे पळाले, फाल्कोनेही. तोफा ओतणारा येमेल्यान खाइलोव तेवढा जागेवर राहिला आणि फट बुजवत रस परत साच्यात घालत राहिला. खालचा भाग वाचला, वरचा १७७७मध्ये पुन्हा ओतावा लागला.

पुढच्याच वर्षी, कॅथरीनशी बिनसलेला फाल्कोने रशिया सोडून गेला. अनावरणाला तो नव्हता. चौथऱ्यावर दोनच नावं आहेत, पहिल्या पीटरचं आणि दुसऱ्या कॅथरीनचं. पीटरच्या झग्याच्या घडीवर मात्र फाल्कोनेची सही सापडते: घडवणारा आणि ओतणारा, दोन्ही तोच. खाइलोवचा तिथे उल्लेख नाही.