तंजावरच्या पोथ्या आणि त्यांचा राखणदार

तंजावरचें बृहदीश्वराचें देऊळ ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना तेथील प्राकाराच्या भिंतीवर १८०३ सालीं कोरलेला भोसले घराण्याचा प्रचंड मराठी शिलालेख आठवत असेल. दगड स्वतःची काळजी स्वतः घेतो. पण तो लेख कोरविणाऱ्या सरफोजी राजांनीं (१७७७–१८३२) जवळच्याच राजवाड्यांत, सरस्वतीमहालांत, जें धन सांठविलें तें ताडाच्या पानांवर आणि कागदांवर आहे, व त्याला नित्य कोणाचा तरी हात लागावा लागतो. राजांची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे; त्या हाताचें नांव कोणी घेत नाहीं.

हा संग्रह मूळचा नायक राजांचा. १६७५ च्या सुमारास व्यंकोजी राजांनीं तंजावर घेतलें तेव्हां तो भोसल्यांकडे आला, आणि सरफोजींनीं काशीयात्रेच्या निमित्तानेंही पोथ्या मिळवून तो वाढविला. १८५५ त राज्य खालसा झालें. बर्नेल या इंग्रज न्यायाधीशानें १८८० सालीं संस्कृत पोथ्यांची सूची छापली, व १९१८ त ग्रंथालय लोकांस खुलें झालें.

पूर्वीं पोथी राखणें म्हणजे ती उतरून काढणें असे. दक्षिणेच्या दमट हवेंत ताडपत्र फार तर कांहीं शतकें टिकावयाचें. तें जीर्ण झालें कीं नवी प्रत करीत आणि जुनी श्रद्धेनें नदीला अर्पण करीत. तामिळ आडि महिन्यांत कावेरीला पाणी चढलें म्हणजे कित्येक घरांतून अशीं पानें प्रवाहांत सोडलीं जात. यांत अनादर नव्हता; परंतु जिची नवी प्रत करावयाची राहिली, ती पोथी कायमची गेली. उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांनीं गांवोगांव हिंडून जुने तामिळ ग्रंथ वांचविले, ते अशाच नाशाच्या तोंडांतून.

पोथीरक्षकाचा आजचा धर्म याच्या उलट आहे. छायाचित्रें घेतलेलीं असलीं तरी जुनें पान त्याला टाकतां येत नाहीं. कारण लेखकाचें वळण आणि समासांतली दुरुस्ती हीसुद्धां साक्षच आहे. तो प्रथम दोरी सोडून मऊ ब्रशानें धूळ झाडतो. चिकटलेलीं पानें ओढलीं तर वरचा पापुद्रा अक्षरांसकट निघतो, म्हणून तीं धीरानेंच सोडवावीं लागतात. मग गवती चहाच्या तेलाचा बोळा फिरवितात. त्यानें शुष्क पान लवचिक होतें आणि किडा वासानें दूर राहतो. लोखंडी लेखणीनें कोरलेलीं अक्षरें फिकीं पडलीं असतील तर तेलांत कालविलेली काजळी चोळून पुसून घेतात. ती खांचांत बसते, आणि दोनशें वर्षांची ओळ कालच लिहिल्यासारखी दिसूं लागते.

मात्र बोळा हातीं घेण्यापूर्वीं पान कोरलेलें आहे कीं शाईनें लिहिलेलें, हें पाहिलें पाहिजे. उत्तरेकडे ताडपत्रावर शाईनें लिहीत. तेथें हाच उपाय केला तर अक्षर पुसून जाईल, आणि कोणतेंही तेल तें परत आणणार नाहीं. या धंद्यांत आळशापेक्षां उत्साही मनुष्यानें केलेलें नुकसान अधिक असतें!

कपाटांत वेखंड, काळें जिरें, लवंग, मिरीं, दालचिनी व कापूर यांच्या पुडीच्या पुरचुंड्या ठेवण्याची तेथील जुनी चाल आहे. निम्मा मसाल्याचा डबाच तो! वास उडाला कीं त्या बदलाव्या लागतात, आणि हें काम कधीं संपत नाहीं.

मोडी कागदांचें दुखणें निराळें. ते घडीवर तुटतात. तेथें पातळ, चिवट कागदाचा जोड खळीनें द्यावयाचा. पण ती खळ अशी पाहिजे कीं पुढच्या पिढीच्या कारागिराला ती पाण्यानें सोडवितां यावी.

शेवटीं फळ्यांमध्यें पानें रचून दोरी ओंवावयाची. फार आवळली तर भोंक फाटतें, सैल राहिली तर पानें घासतात. तत्पूर्वीं पानें मोजावयाचीं. सूचींतल्या आंकड्याशीं मेळ बसला तर गांठ मारावयाची. न बसला तर झाडलेली धूळ पुन्हां पसरून तींत एखादा तुकडा राहिला आहे कीं काय, तें पाहावयाचें.