वॉलनट स्ट्रीट पूल : रहदारी, विहार आणि स्मृती

जुनी वास्तू नव्या उपयोगास लावली की तिचे जतन झाले, असे सामान्यतः मानले जाते. परंतु वास्तूचे जतन आणि तिच्या इतिहासाचे जतन ही दोन भिन्न कार्ये होत. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा येथील वॉलनट स्ट्रीट पुलाचा वृत्तान्त या दृष्टीने उद्बोधक आहे.

टेनेसी नदीवरील हा पोलादी कैच्यांचा, २,३७६ फूट लांबीचा पूल १८९१ मध्ये पुरा झाला आणि नगराचा मध्यभाग उत्तर तीराशी जोडला गेला. बांधणी दुर्बल झाल्यामुळे १९७८ मध्ये त्यावरील वाहतूक थांबविण्यात आली. पूल पाडून टाकण्याचा विचारही झाला. तथापि नागरिकांनी त्याच्या रक्षणाचा आग्रह धरला. दुरुस्तीनंतर, फळ्यांची वाट घालून, १९९३ मध्ये तो केवळ पादचाऱ्यांसाठी खुला झाला. नदीकाठाच्या पुनरुज्जीवनात या विहारमार्गाचा वाटा मोठा आहे.

याच पुलावर १८९३ मध्ये आल्फ्रेड ब्लाउंट व १९०६ मध्ये एड जॉन्सन या कृष्णवर्णीयांना जमावाने फासावर लटकाविले. जॉन्सनवर बलात्काराचा आरोप होता आणि केवळ गौरवर्णीयांच्या ज्यूरीने त्यास दोषी ठरविले होते. नोआ पार्डन व स्टाइल्स हचिन्स या कृष्णवर्णीय वकिलांनी दाद मागितल्यावर सर्वोच्च न्यायालयाने देहदंडास स्थगिती दिली. त्यानंतर लगोलग, १९ मार्चच्या रात्री, जमावाने त्यास तुरुंगातून ओढून पुलावर नेले. न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल १९०९ मध्ये शेरीफ जोसेफ शिपसह ६ जण दोषी ठरले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालविलेला हा एकमेव फौजदारी खटला होय. जॉन्सनची दोषसिद्धी रद्द होण्यास मात्र २००० साल उजाडावे लागले.

रहदारीच्या जागी दिलेली ही फाशी एका समाजावर जरब बसविण्याचे साधन होती. पूल विहारमार्ग झाला तेव्हा या इतिहासास तेथे स्थान नव्हते. जॉन्सन व त्याचे दोन वकील यांचे पुतळे असलेले स्मारक पुलाच्या दक्षिण टोकाशी उभे राहिले ते २०२१ मध्ये, म्हणजे तब्बल २८ वर्षांनी. पोलाद वाचविणाऱ्या दुरुस्तीत स्मृती आपोआप वाचत नाही. तिच्यासाठी वेगळा आणि बहुधा अधिक अप्रिय असा प्रयत्न करावा लागतो, हाच या वृत्तान्ताचा निष्कर्ष होय.