काचेचे धागे आणि विमानाचे अंग



आपल्या मुलखात काच म्हटली की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे प्रभाकर कंदील उभा राहतो. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. त्याच्या आधी, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर नांगराचा कारखाना उभारला होता. त्यांना जागा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिली. काच आणि लोखंड या दोहोंची विद्या आपल्या दारी अशी आली. त्यातली काच फुटकी म्हणून प्रसिद्ध. तीच काच विमानाच्या अंगाला कशी लागली, याचा इतिहास आज पाहू.

काच जाड असेल तर तिच्यावरच्या बारीक चिरा तिला फोडतात. तीच वितळवून केसाहून बारीक ओढली, तर धाग्यात मोठ्या चिरेला जागाच उरत नाही, आणि धागा ओढीला आश्चर्यकारक बळकट ठरतो. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत असे धागे कारखान्यात निघू लागले. पण धागा नुसता लवतो. त्याला आकार देण्यासाठी कृत्रिम राळ हवी. दुसऱ्या महायुद्धात दोहोंची सांगड बसली. १९४४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एका शिकाऊ विमानाचा मागचा धड-भाग या मिश्रणाचा करून उडवण्यात आला. १९५७ साली जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांचे ‘फिनिक्स’ हे ग्लायडर याच काचतंतूचे होते. आपल्याकडे बंगलोरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे दोन आसनांचे ‘हंसा’ १९९३ साली उडाले, तेही याच जातीचे.

आता याचे काम पाहा. इंजिनावरचे झाकण, चाकावरची टोपी, पंखाचे टोक असे भाग लहान विमानाला एक-दोनच लागतात. पत्र्याला तसा गोल बाक देणे महाग पडते. म्हणून आधी साचा करतात, त्यावर मेण लावतात, मग काचेच्या कापडाचे थर एकावर एक बसवून राळ पाजतात. राळेत हार्डनर तोलून घालावा लागतो. कमी पडला तर वस्तू मऊ राहते; जास्त पडला तर ती तापून बिघडते. राळ सढळ हाताने ओतली तर वजन वाढते, बळ वाढत नाही. बळ काचेत आहे, राळ केवळ तिला धरून ठेवते.

यातली खरी अडचण अशी की दोष आत दडतो. थरांमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी वरून रंग चकाकतोच. कुंभाराकडचे मडके आपण वाजवून घेतो, तसा तपासनीस नाण्याने भाग ठोकतो. आवाज बद्द आला की थर सुटल्याचे समजते. म्हणजे इथे शेवटची भिस्त कारागिराच्या सचोटीवर आणि तपासणाऱ्याच्या कानावर आहे.

म्हणून हा प्रश्न केवळ कारखान्याचा नाही. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली, आणि चाचणी-उड्डाण धुळ्याला २०२० मध्ये झाले. हे विमान काचतंतूचे म्हणून मी सांगत नाही. उद्योग आणि परवानगी यांच्यातले अंतर दाखवण्यासाठी सांगतो.

परवाना नकोच, असे कोणी म्हणू नये. विमानातला दोष आकाशात उघडा पडतो, तेव्हा चूक सुधारायला वाव नसतो. पण परवाना देणाऱ्यालाही ती विद्या हवी. नाही तर तो सही टाळत राहील, आणि कारागीर वाट पाहून थकेल. औंधच्या राजाने त्या काळी जमीन दिली. आजच्या कारागिराला जमिनीपेक्षा जाणकार तपासनीस अधिक हवा आहे. तो घडवायचा तर १९४७ पासून सांगलीत उभे असलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आपल्याच दारी आहे. मुलांना साचा करण्याबरोबर वाजवून पाहण्याची विद्याही तेथे मिळावी, एवढीच अपेक्षा.