मध्यंतर : विश्रांती की न्याय?

दोह्यात अल नस्र भागात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना २२ नोव्हेंबर २०२२ ची दुपार आठवत असेल. विश्वचषकाच्या त्या सामन्यात लुसैलच्या मैदानावर मध्यंतराला अर्जेंटिना एका गोलने पुढे होती. खेळ पुन्हा सुरू झाला आणि दहा मिनिटांच्या आत सौदी अरेबियाने दोन गोल केले. सामना २-१ असा जिंकला. मध्यंतरात प्रशिक्षक एर्वे रेनार यांनी खेळाडूंना कसे फैलावर घेतले, त्याचे चित्रण पुढे जगभर गाजले.

गंमत अशी की, फुटबॉलच्या नियमांत मध्यंतर शिरले ते कानउघाडणीसाठी नव्हे, बाजू बदलण्यासाठी. लंडनमध्ये १८६३ साली तयार झालेल्या नियमांत प्रत्येक गोलनंतर संघांनी बाजू बदलायची असे. वारा, ऊन, मैदानाचा उतार यांचा लाभ एकाच संघाला मिळत राहू नये, हे त्याने साधे. पण गोलच झाला नाही तर? म्हणून १८७० मध्ये, तसे झाल्यास अर्ध्या वेळेला बाजू बदलण्याचे ठरले. १८७५ पासून बाजू फक्त मध्यंतरालाच बदलू लागल्या.

आपल्या हुतूतूकडे पाहा. जुन्या गामिनी प्रकारात बाद झालेला गडी बाहेरच राहतो. एका बाजूचे सगळे गडी बाद झाले की डाव संपतो. तिथे घड्याळाचे काम नाही. संजीवनीत मात्र बाद गडी पुन्हा जिवंत होतो. मग खेळ संपायचा कधी? इथे घड्याळ हवेच, आणि घड्याळ आले की त्याचा मध्यही आला. डिसेंबर २००६ मध्ये याच दोह्यात भारताने पाकिस्तानला नमवून आशियाई सुवर्णपदक मिळवले, ती कबड्डी याच संजीवनीच्या वळणाची.

पुरुषांच्या सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये पाच मिनिटे विश्रांती. त्यानंतर अंगण बदलते. पहिली चढाई आधी ज्यांना मिळाली नव्हती, त्यांना आता मिळते. मात्र पहिला भाग संपताना मैदानात जितके गडी होते, तितकेच पुन्हा उतरतात. बाद झालेले बाहेरच बसतात. त्यांना जिवंत करायचे तर समोरचा गडी बाद करावा लागतो.

मध्यंतर संधी सारखी वाटून देते, मागचा हिशेब पुसत नाही. मुलांना खेळ शिकवताना शिटी, गुण आणि पकडी यांबरोबर हेही सांगायला हवे.