रेडिओ टेलिटाइप स्पर्धा
रेडिओ टेलिटाइप स्पर्धा ही हौशी रेडिओचालकांमध्ये टंकित संदेशांद्वारे खेळली जाणारी स्पर्धा आहे. ठरावीक वेळेत जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधणे हे तिचे उद्दिष्ट असते. भारतात प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारचा परवाना आवश्यक असतो.

प्रत्येक अक्षर बोदो संकेतातील पाच बिटांनी दर्शविले जाते. वेग सामान्यतः ४५.४५ बॉड, तर दोन स्वरांतील अंतर १७० हर्ट्‌झ असते. पाच बिटांच्या केवळ ३२ जुळण्या होत असल्याने अक्षर व अंक यांना एकच संकेत वापरला जातो. त्यांतील बदलाची खूण गोंगाटात हरवल्यास '५९९'ऐवजी 'टीओओ' उमटते. अनुभवी चालक हे ओळखतो. चुकीची नोंद झाल्यास मात्र त्या संपर्काचे गुण मिळत नाहीत.

सप्टेंबरमधील शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारची 'सीक्यू वर्ल्ड वाइड' ही स्पर्धा ४८ तास चालते. भारतीय वेळेनुसार ती शनिवारी पहाटे ५.३० वाजता सुरू होते. भारताची मुख्य भूमी २२व्या विभागात येत असल्याने आंबिवलीतील केंद्र '५९९ २२' असा संदेश पाठवते. प्रत्येक पट्ट्यावरील नवा देश व नवा विभाग गुणक ठरतो; त्यामुळे परदेशी स्पर्धकांसाठी भारतीय केंद्राशी झालेला पहिला संपर्क मोलाचा असतो.