मावशींचा प्रश्न आणि इन्सुलिनची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची सभा संपत आली होती. हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या, तेव्हा एक मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, मी सुई बंद केली."

मावशींना बरीच वर्षं शुगर आहे. त्या माळकरी. शेजारणीने सांगितलं, इन्सुलिन गाई-डुकराच्या अंगातून काढतात. तेव्हापासून बाटली तशीच पडून. "खरं आहे का गं?" असं त्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता येईना. मावशींना त्याच दिवशी आशाताईंबरोबर दवाखान्यात पाठवलं. मग मी हा इतिहास वाचून काढला. तोच आज सांगते.

शेजारीण खोटं बोलली नव्हती. तिची माहिती जुनी होती, एवढंच.

आपल्या जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोन डॉक्टरांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला. म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं काहीतरी तिथे तयार होतं, हे कळलं. पण ते बाहेर कसं काढायचं? स्वादुपिंडात अन्न पचवणारा रसही असतो. अवयव वाटला की तो रस हव्या त्या पदार्थाचाच नाश करायचा. तीस वर्षं अनेकांनी खटपट केली. तोवर डॉक्टरांकडे एकच उपाय होता, रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवणं. मधुमेह झालेली लहान मुलं आयांच्या डोळ्यांदेखत झिजून जायची.

१९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात, मॅक्लाऊड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून असा अर्क मिळवला. पुढे त्यांनी कत्तलखान्यातून जनावरांची स्वादुपिंडं आणली. कॉलिप यांनी अल्कोहोल वापरून तो अर्क शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, फारसा गुण आला नाही. २३ जानेवारीला शुद्ध केलेला अर्क दिला आणि साखर उतरली. मरणाच्या दारातून मूल परत आलं. शोध लावणाऱ्यांनी आपले हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले.

आता एका बाईचं नाव लक्षात ठेवा, मारी क्रोग. डेन्मार्कमधली डॉक्टर, आणि स्वतःला मधुमेह. १९२२ साली नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली असताना तिने या औषधाबद्दल ऐकलं. नवरा ऑगस्ट क्रोग नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ. टोरांटोला जाऊन याची माहिती घ्या, असा तिने त्याला आग्रह धरला. तो गेला, आणि आपल्याकडे इन्सुलिन तयार करण्याची परवानगी घेऊन आला. मारीचेच डॉक्टर हागेडॉर्न यांनी त्याच्याबरोबर डेन्मार्कमध्ये हे काम सुरू केलं.

औषध मिळालं, पण त्रास संपला नाही. त्या इन्सुलिनचा परिणाम काही तासांत ओसरायचा. दिवसातून तीन-चार सुया, रात्री झोपेतून उठूनही एखादी. मग १९३६ साली हागेडॉर्न यांनी इन्सुलिनमध्ये प्रोटामिन मिसळलं. हे प्रोटामिन त्यांनी नर ट्राउट माशाच्या वीर्यातून मिळवलं होतं. आमच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या मैत्रिणी रोज मासे साफ करतात, त्यांना हे ऐकून गंमत वाटली. पाठोपाठ टोरांटोच्या स्कॉट आणि फिशर यांनी त्यात थोडं जस्त घातलं. हो, आपल्या पत्र्यावर मुलामा असतो तेच जस्त. प्रोटामिन आणि जस्तामुळे इन्सुलिन कातडीखाली सावकाश विरघळू लागलं आणि एक सुई दिवसभर पुरू लागली. आज आपल्याला मिळणाऱ्या दुधासारख्या पांढरट बाटलीत हीच जुनी युक्ती आहे.

पण जनावरं किती लागायची! डुकरांच्या दोन टन अवयवांतून जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम इन्सुलिन निघायचं. रोगी वाढत होते, कत्तलखाने किती पुरणार? १९७८ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी जिवाणूंकडून माणसाच्या इन्सुलिनसारखंच इन्सुलिन तयार करून घेतलं. १९८२ साली ते औषध म्हणून मंजूर झालं. विरजणाचा थेंब दुधाचं दही करतो, तसे हे सूक्ष्म जीव मोठ्या टाक्यांत वाढवतात आणि ते इन्सुलिन बनवतात. आपल्या महाराष्ट्रातही हे घडलं. वोक्हार्ट कंपनीने औरंगाबादला असं इन्सुलिन तयार केलं आणि २००३ साली बाजारात आणलं.

तर मावशींना मी सांगितलं, "आता दवाखान्यात मिळतं ते बहुतेक इन्सुलिन गाईचं नाही, डुकराचंही नाही. पण पांढरट बाटलीत माशापासून काढलेलं प्रोटामिन असतं, हे तुमच्यापासून लपवणार नाही." मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगितलंस ते बरं केलंस." पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं. प्रोटामिन नसलेली इन्सुलिनंही असतात, ती चालतील का ते बघू, पण तोवर सुई चुकवायची नाही, असं त्यांनी बजावलं. मावशी आता रोज सुई घेतात. माळही गळ्यात आहे.

मैत्रिणींनो, शंका आली तर विचारा, पण सुई आपल्या मनाने बंद करू नका. नुसत्या रंगावरून औषध ओळखू नका, बाटलीवरचं नाव वाचा किंवा कुणाकडून वाचून घ्या. पांढरट बाटली जोरात हलवू नका. दोन्ही तळहातांमध्ये हलकेच फिरवा, म्हणजे तळाशी बसलेलं औषध सारखं मिसळतं. आणि तुमच्या गटात कुणी हळूच म्हणालं, "मी सुई बंद केली," तर रागावू नका. आधी तिला दवाखान्यात न्या. मग शेजारी बसून ही गोष्ट सांगा.