नवी मोटार घेताना : गरज, आवड आणि ऐपत

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' या म्हणीत आता मोटार घेण्याचीही भर घालावी, अशी स्थिती आहे. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात असलेले चारठाणा हे गाव यादवकालीन मंदिरे, गोकुळेश्वराचे देवालय आणि कोरीव उंच स्तंभ यांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. अशा गावातील शेतकरी, शिक्षक किंवा दुकानदार नवी मोटार घेण्याचा विचार करतो, तेव्हा जाहिरातीतील मोटार आणि त्याच्या अंगणात उभी राहणारी मोटार यांत बरेच अंतर असते. तालुक्याच्या कामासाठी जिंतूर, महाविद्यालय व दवाखान्यासाठी परभणी, मोठ्या आजारपणात नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर आणि श्रावणात औंढा नागनाथ, असा तिचा प्रवास असतो. रात्री-अपरात्री घरातील कोणी आजारी पडले तर तीच रुग्णवाहिका होते. म्हणूनच कोणत्या गोष्टीला पहिले स्थान द्यायचे, हे दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ठरलेले असावे.

निवडीचे स्वातंत्र्य अलीकडचे

मोटारीची निवड करता येणे, हीच मुळात नवी गोष्ट आहे. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आणि उत्तरपाड्याची अॅम्बॅसिडर या दोन मोटारींवर देशाने अनेक दशके काढली. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मिळेल ती मोटार घ्यायची, अशी ती रीत होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गीयाला मोटार आवाक्यात दिसू लागली. डिसेंबर १९९८ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातील टाटा इंडिका बाजारात आली. पाच माणसे ऐसपैस बसतील अशी देशी मोटार, हे तिचे आकर्षण होते.

ग्राहकाची पसंती केवळ हिशेबावर चालत नाही, याचा धडा टाटांच्याच नॅनोने दिला. दुचाकीवरून भिजत जाणाऱ्या कुटुंबाला सुरक्षित वाहन मिळावे, या विचारातून २००९ मध्ये बाजारात आलेली ही मोटार किमतीला सर्वांत स्वस्त होती. मात्र 'सर्वांत स्वस्त' हा शिक्काच तिला नडला. आयुष्यातील पहिली मोटार घेणाऱ्याला गावात मान वाढवणारी वस्तू हवी असते. गरिबीची खूण नको असते. २०१८ मध्ये नॅनोचे उत्पादन थांबले.

याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण मराठवाड्यातलेच आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे ६५ कोटी रुपयांच्या दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या. मागासलेपणाचा शिक्का पुसण्याची जिद्द त्यामागे होती. समूहाने खरेदी केल्यामुळे किंमत आणि कर्ज या दोन्हींत सवलत मिळाली. त्याच वेळी, आलिशान मोटारीला सुमारे सात टक्क्यांनी कर्ज आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला मात्र त्याहून बरेच महाग, अशी टीकाही झाली. प्रतिष्ठा आणि परवड यांतील ही ओढाताण लहान गावातल्या लहान मोटारीच्या खरेदीतही असतेच.

माणसे किती, फेऱ्या किती?

पहिला प्रश्न माणसांचा. वर्षातून दोन वेळा अख्खे कुटुंब देवदर्शनाला जाते म्हणून सात आसनी वाहन घ्यायचे आणि उरलेले दिवस त्यातून दोघांनीच फिरायचे, हा व्यवहार महागात पडतो. मोठ्या प्रसंगी भाड्याचे वाहन मिळते. याउलट घरात आठवड्यातून तीन-चार वेळा सहा-सात माणसांची ये-जा असेल, तर लहान मोटारीत कोंबून नेणे धोक्याचे ठरते. ग्रामीण महाराष्ट्रात नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्र बोलेरोला २००० सालापासून जी मागणी राहिली, तिचे कारण हेच आहे. माणसे, खताची पोती आणि खराब रस्ता हे तिन्ही ती निभावते.

दुसरा प्रश्न बसणाऱ्यांचा. गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना फार खाली बसावे लागणारी मोटार नको आणि फार उंच चढावे लागणारीही नको. मोटार पाहायला जाताना त्यांना सोबत न्यावे आणि मागच्या आसनावर दहा मिनिटे बसवावे. चालवणारी व्यक्ती एकच नसेल, तर घरातील स्त्रियांनी आणि तरुणांनीही ती चालवून पाहावी. आसनाची उंची, आरशातून दिसणारा रस्ता आणि क्लचचा जडपणा प्रत्येकाला वेगळा जाणवतो.

काळी माती आणि वैशाखाचे ऊन

मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे रस्ते त्यामुळेच लवकर उखडतात आणि शेताची वाट पावसाळ्यात चिखलाची होते. अशा ठिकाणी जमिनीपासून मोटारीच्या तळाची उंची महत्त्वाची आहे. लहान मोटारींत ती साधारण १६० ते १७० मिलिमीटर, तर उंच बांधणीच्या मोटारींत १८० ते २०० मिलिमीटरच्या आसपास असते. मोटार माणसांनी भरली की ती खाली बसते, हे ध्यानात ठेवून चाचणी भरलेल्या मोटारीनेच घ्यावी.

अलीकडे अनेक मोटारींत पूर्ण आकाराचे जादा चाक नसते. त्याऐवजी लहान चाक किंवा पंक्चर दुरुस्तीचा संच दिला जातो. शहरात हे चालते. मात्र रात्री जिंतूर ते चारठाणा या वाटेवर टायर कडेने फाटला तर त्या संचाचा उपयोग नाही. परभणीचा उन्हाळा कडक असल्याने वातानुकूलन यंत्रणा मागच्या आसनापर्यंत गारवा पोहोचवते का, हे दुपारी बाराच्या उन्हात तपासावे. पांढरा रंग ऊन परावर्तित करतो, त्यामुळे त्याची पसंती केवळ आवडीची नाही.

दुरुस्तीची सोय तितकीच मोलाची. कंपनीचे सेवा केंद्र परभणीत आहे की त्यासाठी संभाजीनगर गाठावे लागते, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, याची चौकशी विक्रेत्याकडे नव्हे तर तीच मोटार दोन-तीन वर्षे वापरणाऱ्यांकडे करावी.

सुरक्षितता : अग्रक्रम पहिला

ग्राहकांच्या यादीत एकेकाळी 'अॅव्हरेज किती देते' हा प्रश्न पहिला असे. जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय लहान मोटारींच्या धडक चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. पाचही मोटारींना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि भारतीय बनावटीची मोटारही मजबूत असू शकते, हे दिसले. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही देशाची स्वतःची चाचणी पद्धती सुरू झाली. तीत प्रौढांच्या संरक्षणासाठी ३२ आणि बालकांच्या संरक्षणासाठी ४९ पैकी गुण दिले जातात. ही चाचणी ऐच्छिक असल्याने हव्या त्या मॉडेलची चाचणी झाली आहे का, हे आधी पाहावे. तारे मोजताना बालकांचे गुण वेगळे वाचावेत.

चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि पुढच्या सहप्रवाशासाठी २०२१ अखेरपासून सर्व नव्या मोटारींत बंधनकारक झाली. सहा एअरबॅगची सक्ती करण्याचा विचार २०२३ मध्ये मागे पडला. त्यामुळे हा निर्णय ग्राहकाच्या हाती आहे. छताची काच, मोठा पडदा किंवा मिश्रधातूची चाके यांसाठी जादा रक्कम मोजण्याऐवजी त्याच रकमेत अधिक एअरबॅग आणि मोटारीचा तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मिळत असेल, तर ती घेणे शहाणपणाचे.

याहून महत्त्वाचा आहे तो पट्टा. ३ जून २०१४ रोजी मराठवाड्याचे नेते व केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे दिल्लीत अपघाती निधन झाले. ते मागच्या आसनावर होते. पट्टा बांधला असता तर प्राण वाचू शकले असते, असे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी म्हटले होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागच्या आसनावरील दोघांनीही पट्टा बांधला नव्हता आणि दोघेही दगावले. पुढचे दोघे वाचले. मोटार कितीही महाग असली, तरी न बांधलेला पट्टा कोणालाही वाचवत नाही. खरेदीच्या वेळी मागच्या तिन्ही आसनांना तीन टोकांचे पट्टे आहेत का आणि ते सीटखाली दडपलेले तर नाहीत, हे स्वतः ओढून पाहावे.

पेट्रोल, डिझेल की वीज?

इंधनाची निवड धावण्यावर ठरते. पेट्रोल लिटरला १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरले, तसेच पेट्रोल मोटार लिटरला १७ आणि डिझेल मोटार २१ किलोमीटर चालते असे मानले, तर किलोमीटरमागे सुमारे एक रुपया ऐंशी पैसे वाचतात. डिझेल मोटार एक लाख रुपयांनी महाग असेल, तर ती रक्कम भरून निघण्यास साधारण ५५ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्याने म्हणजे साडेपाच वर्षे थांबावे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यानंतर डिझेल मोटारींच्या धूरनळीत काजळी अडवणारी गाळणी आली. केवळ गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारल्यास ती तुंबण्याची शक्यता असते.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. एप्रिल २०२३ पासून तयार होणाऱ्या मोटारी त्यास अनुरूप साहित्याने बनवल्या जातात. नव्या मोटारीपेक्षा जुनी मोटार घेणाऱ्याने याची अधिक दक्षता घ्यावी. सीएनजी स्वस्त पडतो, मात्र सामानाची जागा घटते आणि घरापासून पंप किती दूर, यावर सारे अवलंबून राहते. विजेच्या मोटारीवर जीएसटी केवळ ५ टक्के असून बॅटरीला साधारण आठ वर्षांची हमी मिळते. घरी चार्जिंगची सोय, वीजपुरवठ्याची खात्री आणि रोजचा ठरावीक प्रवास असेल तर ती फायद्याची. एकुलती एक मोटार म्हणून घेताना लांबच्या प्रवासाचा विचार आधी व्हावा.

किमतीच्या पलीकडचा खर्च

चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या मोटारींना २००६ च्या अर्थसंकल्पाने उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि तेव्हापासून मोटारींचे आकार त्या मर्यादेत बसवले जाऊ लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर येतो. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस तो ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के आहे. आठ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर केवळ हाच कर ८८ हजार रुपये होतो. नव्या मोटारीस तीन वर्षांचा त्रयस्थ विमा सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे. मात्र तो विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नाही.

कर्जाचा हप्ता दरमहा येतो. सोयाबीन, कापूस आणि तुरीचे पैसे दरमहा येत नाहीत. सहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १२,४५५ रुपये बसतो आणि एकूण व्याज १ लाख ४७ हजारांच्या आसपास जाते. तेच सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता ९,६५३ रुपयांवर येतो, पण व्याज २ लाख ११ हजारांपर्यंत पोहोचते. कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या घराने किमान सहा हप्ते बाजूला ठेवून मगच मोटार घ्यावी. एक पावसाळा हुकला तर बियाण्याचे पैसे हप्त्यात जाऊ नयेत, ही काळजी मोटारीच्या रंगाहून मोठी आहे.

खरेदीच्या दिवशी

गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा या मुहूर्तांवर मोटार घरी आणण्याची प्रथा आहे. त्या दिवशी गर्दी असते आणि घाईत तपासणी राहून जाते. म्हणून नोंदणीपूर्वीच, आदल्या आठवड्यात, दिवसाच्या उजेडात मोटार पाहावी. निर्मितीचा महिना व वर्ष, चासिस व इंजिनाचे क्रमांक, टायर, काचा, रंगातील फरक आणि किलोमीटरचा आकडा तपासावा. कराराबाहेरचे कोणतेही शुल्क मागितल्यास त्याचा तपशील लेखी मागावा. त्यानंतरच 'एमएच २२' ची पाटी लागावी.

आवडीला या साऱ्यात स्थान नाही, असे नव्हे. मोटार दहा-बारा वर्षे घरात राहते. ती डोळ्यांना आणि मनाला रुचलीच पाहिजे. मात्र आधी माणसांची सुरक्षितता, मग रस्त्याशी जुळणारी बांधणी, त्यानंतर झेपणारा हप्ता आणि शेवटी रंग व सजावट, असा क्रम ठेवला, तर आवड आणि गरज यांत भांडण उरत नाही. अंगणात मोटारीची पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. त्याच दिवशी मागे बसलेल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांना पट्टा बांधायला शिकवले, तर त्या मोटारीची खरी पूजा झाली म्हणायची.